पुढे धरलेला नेम

शेहेचाळिसाव्या वर्षी माणसं चष्म्याचा नंबर बदलतात. यॉर्डिस बंदूक निवडत होती. दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती. कुठलीही वस्तू ती आधी चार बाजूंनी पाहायची, मग मोजायची, आणि एवढं करून वर एखादी शंका काढायची. बंदुकीच्या दुकानातल्या माणसाला तिने तासभर असा काही पिळला की शेवटी त्याने काउंटरवर कोपरच टेकलं.

"बाई, एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. या भिंतीवरची कुठलीही रायफल त्याला पुरेल. त्याला काही फरक पडत नाही."

"मला पडतो," यॉर्डिस म्हणाली.

तिची भीती एल्कची नव्हतीच. एल्कच्या मागे रूना असणार होती. यॉर्डिसची ही एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. तालसेले गावाच्या शिकारी टोळीत कुत्रा घेऊन जंगलात शिरायचं काम तिच्याकडे होतं. कुत्रा एल्कला हुडकतो, भुंकून उठवतो, एल्क दलदलीकडे निघतो आणि दलदलीभोवतीच्या आठ मचाणांवर आठ माणसं बंदुका घेऊन वाट पाहत बसतात. त्या आठ बंदुकांच्या समोर, झाडीत, नारिंगी जाकीट घातलेली ही पोरगी चालत असते. या वर्षी त्या आठांतली एक बंदूक तिच्या आईची असणार होती. 

तरी ती तयार झाली होती, त्याला कारण मागचा सप्टेंबर. म्हातारा एव्हर्ट इस्पितळात होता आणि तळ्याकडच्या कोपऱ्यातलं त्याचं मचाण रिकामं राहिलं होतं. त्या दिवशी रूनाची कुत्री मुस्ती गेली. फोनवरच्या नकाशात कुत्रीच्या गळपट्ट्यातल्या यंत्राचा ठिपका दिसत होता. मुस्ती एल्कवर भुंकत होती, मग गप्प झाली, मग ठिपका दलदलीतून अगदी सरळ, माणसाच्या चालीने, तळ्याकडे निघाला. काठाशी थांबला नाही. पाण्यात वीस पावलं गेला आणि विझला. टोळीचा म्होरक्या हालवार म्हणाला होता, "एल्कमागे पोहत गेली असेल." रूनाने मान हलवली, पण नंतर घरी ती आईला म्हणाली होती, "आई, एल्क तर डोंगराकडे गेला होता."

नाताळात एव्हर्ट वारला. कोपरा रिकामाच राहायचा तर रूना पुन्हा तिथे उतरणार, नव्या कुत्र्यासकट. रूनाचा बाप किरुना शहरात दुसरा संसार थाटून बसलेला, तो काही यायचा नाही. मग यॉर्डिसने हिवाळाभर पुस्तकं वाचून शिकाऱ्याची परीक्षा दिली.

"मोठीच हौस आली तुला," रूना चिडवायची. "गिऱ्हाइकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावतेस, आता एल्कला लाव."

दुकानातून यॉर्डिस रिकाम्या हातानेच परतली. नव्या बंदुकीचा परवाना हातात पडेपर्यंत सप्टेंबर उलटला असता, तेव्हा पहिल्या वर्षी उसनी घ्यायची आणि मालकाने सही केलेला कागद खिशात ठेवायचा, असं ठरलं. उसन्या दोन मिळत होत्या. हालवारकडे जाड गोळीची एक जादाची रायफल होती, जड, लांब दस्त्याची, खांद्याला म्हशीसारखी ढुशी देणारी. दुसरी एव्हर्टची, जुनी, साडेसहा मिलिमीटरची, त्याची विधवा आस्टा हिच्या घरातल्या लोखंडी कपाटात पडलेली.

आस्टाने तिला कॉफी दिली, तिकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकले आणि रायफल टेबलावर ठेवली. यॉर्डिसने ती खांद्याला लावली. गाल जिथे टेकायचा तिथे दस्ता गालाच्या आकाराने घासून गुळगुळीत झाला होता. तिचा गाल तिथे नेमका बसला. यॉर्डिस डावखुरी होती, आणि एव्हर्टही.

"हलकी आहे," ती म्हणाली. "काकू, एव्हर्टकाकांनी किती एल्क पाडले हिने?"

"एकही नाही."

"एकही?"

"अडतीस वर्षांत नाही. गाव हसायचं. मांसाचा वाटा मात्र दरसाल मिळायचा, टोळीची रीतच आहे ती." आस्टाने काडतुसांचा खोका पुढे सरकवला. "वर्षाला एक लागायचं त्याला. एकच."

"म्हणजे वर्षाला एक बार, आणि तोही हुकलेला?"

 आस्टाने यॉर्डिसच्या कपात पुन्हा कॉफी ओतली. कप अजून भरलेलाच होता, कॉफी बशीत आली.

"त्या कोपऱ्यात जायचं असेल तर हीच ने," ती म्हणाली. "हीच ने, पोरी."

शनिवारी सकाळी यॉर्डिस दोन्ही रायफली घेऊन गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेली. मोसमाआधी टोळीतल्या प्रत्येकाला इथे लाकडी एल्कवर बार टाकून दाखवावा लागतो. ऐंशी मीटरवर खऱ्या मापाचा फळीचा एल्क रुळावर बसवलेला. आधी तो उभा असतो, मग दोरीने ओढला की डावीकडून उजवीकडे धावतो आणि मातीच्या बांधाआड जातो. चार बार उभ्यावर, चार धावत्यावर. हालवार दोरीच्या यंत्रापाशी बसला. रूना आईच्या पाठीमागे दुर्बीण घेऊन उभी राहिली. नवा कुत्रा, तूर, तिच्या पायाशी होता.

हालवारच्या जड रायफलीने यॉर्डिसने उभा एल्क बरा टिपला. धावत्यावर गोळ्या पांगल्या. एक मानेत, एक पोटात, दोन फुप्फुसाशी.

"पास," हालवार म्हणाला. "काठावर, पण पास. दुसरी काढ."

एव्हर्टच्या रायफलीने उभ्या एल्कच्या काळजात चार गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या. हालवारने शीळ घातली. रूनाने आईच्या पाठीवर थाप मारली. यॉर्डिसला स्वतःच्या हातांचं नवल वाटलं आणि थोडा गर्वही झाला.

मग एल्क धावला. तिने रायफलीच्या दुर्बिणीतली फुली एल्कच्या खांद्यावर धरली, एल्कबरोबर नळी फिरवली, घोडा ओढला. चार वेळा. चारही वेळा फळी कोरी.

"कुठे गेल्या?" तिने विचारलं.

रूना दुर्बिणीतून पाहत होती. "बांधाला लावलेला तो खांब दिसतो का? त्याच्यात. चारही."

ते चालत तिथवर गेले. एल्क बांधाआड जायचा त्या जागेच्या पुढे, रुळाच्या शेवटी, एक जुना खांब होता. खांबात एकच भोक होतं. हालवारने त्यात करंगळी घातली. बोट पार मुळापर्यंत गेलं.

"बाई गं," तो म्हणाला, "एल्क आज जिथे आहे तिथे मार. तू तो उद्या असेल तिथे मारतेस. नवशिक्यांची हीच खोड. धावतो म्हणून फार पुढे धरतात."

"मी पुढे धरलं नव्हतं, हालवारकाका. खांदा फुलीवर होता."

"सगळे असंच म्हणतात."

"नळी बरोबर होती, काका," रूना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी मागून बघत होते."

हालवारने रायफल घेतली आणि स्वतः चार बार टाकले. चारही धावत्या एल्कच्या बरगड्यांत. त्याने ती शिकंज्यात आवळून पाहिली, दुर्बिणीचे स्क्रू तपासले, नळीत दिवा टाकून पाहिला. रायफलीत खोट नव्हती. यॉर्डिसने पुन्हा चार बार टाकले. या वेळी तिने मुद्दाम एल्कच्या शेपटाकडे, मागे, नेम धरला. चारही गोळ्या त्या भोकात गेल्या.

हालवार हसायचा थांबला. तो खांबापाशी उभा राहिला आणि भोकाची उंची त्याने हाताने आजमावली. भोक त्याच्या गळ्याशी आलं.

"एव्हर्टही मैदानावर असाच मारायचा," तो म्हणाला. "मीच त्याला दरसाल पास करायचो. कोपऱ्यात बसायला दुसरं कुणी राजी नसायचं म्हणून."

"का नसायचं?"

"वारा असतो तिथे," हालवार म्हणाला, आणि दोरी गुंडाळायला गेला.

त्या आठवड्यात यॉर्डिसने आपलं चष्म्याचं दुकान बंद झाल्यावर स्वतःचे डोळे तपासले. कुठला डोळा प्रबळ, फुली कुठे दिसते, बाजूची नजर किती. सगळं नीट होतं. एखादं गिऱ्हाईक असं आलं असतं तर तिने त्याला घरी पाठवलं असतं. ती अंथरुणात पडून तेच तेच घोळवायची. धरलं एकीकडे आणि लागलं दुसरीकडे, अशी बंदूक घेऊन आपण आपल्याच मुलीसमोर बसणार? आस्टाचा म्हातारा अडतीस वर्षं नेम चुकला तर चुकू दे. त्याच्यासमोर त्याचं लेकरू चालत नव्हतं. कुठल्याही शहाण्या बाईने केली असती तीच निवड तिने केली. एव्हर्टची रायफल परत कपाटात गेली. आस्टाने किल्ली फिरवली, यॉर्डिसकडे पाहिलं नाही, आणि निरोपही दिला नाही.

सप्टेंबरचा पहिला सोमवार थंड आणि स्वच्छ उजाडला. शेकोटीपाशी सगळे जमले. हालवारने नेहमीचे नियम सांगितले. बार टाकल्यावर मचाण सोडायचं नाही. वायरलेसवर कळवायचं आणि बसून राहायचं. फुलीत माणूस आला की बोट घोड्यावरून बाहेर. यॉर्डिसला हा शेवटचा नियम दोनदा ऐकावासा वाटला. रूनाने तिच्या टोपीवरची नारिंगी पट्टी सरळ केली.

"मला एल्क समजू नकोस म्हणजे झालं."

"तसलं बोलू नकोस," यॉर्डिस म्हणाली.

"अगं, गंमत."

"गंमतही नको."

कोपऱ्यातल्या मचाणाला सहा पायऱ्यांची शिडी होती. वर एक फळी, समोर आडवं लाकूड. पुढ्यात दलदल, शेवाळाची, कापूसगवताची, दोन फुटबॉलची मैदानं मावतील एवढी. डावीकडे स्प्रूसची झाडी, तिकडून रूना येणार. उजवीकडे तळं. वारा अजिबात नव्हता. यॉर्डिसला हालवारचं बोलणं आठवलं आणि तिने ते झटकून टाकलं. तिने हालवारची जड रायफल लाकडावर टेकवली आणि सुरक्षेचा खटका तीनदा तपासला.

नऊला तूर भुंकायला लागला. खोल झाडीत, एका जागी, एका तालात. एल्क सापडला होता. मग भुंकणं पुढे सरकलं, म्हणजे एल्क निघाला.  यॉर्डिसने तळवे विजारीला पुसले.

मग भुंकणं थांबलं.

ती वाट पाहत राहिली. घड्याळात सहा मिनिटं गेली. झाडीच्या कडेला फांदी हलली आणि एल्क बाहेर आला. नर होता, मोठा, पसरट शिंगांचा. तो धावत नव्हता. कुत्रा मागे लागलेलं जनावर कान मागे टाकून पळतं, हे तिला माहीत होतं. याचे कान पुढे होते. मान लांबवलेली. हातातल्या पेंडीमागे गाय जाते तसा तो सावकाश, एका चालीने चालला होता. त्याचे डोळे त्याच्या पुढे दोन हातांवर कशावर तरी खिळले होते. तिथे काही नव्हतं. तो तळ्याकडे चालला होता.

फुली खांद्यावर आली. तिने घोडा ओढला. एल्क दोन पावलं गेला, गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर कलंडला. एका गोळीत. तिच्या खांद्याला सणसणीत दणका बसला, पण ते तिला बऱ्याच वेळाने कळलं.

"कोपऱ्यावर एल्क पडला," तिने वायरलेसवर सांगितलं. 

"शाब्बास, पोरी," हालवार म्हणाला. "अडतीस वर्षांनी तिथे एल्क पडला. आता हलू नकोस. रूना येतेच आहे."

ती फळीवर बसून राहिली आणि रडली. सुटकेचंच रडू होतं ते. गोळी एल्कमध्ये थांबली होती, मागे झाडीत गेली नव्हती, पोरगी सुखरूप होती. योग्य बंदूक निवडली, असं ती मनाशी दोनदा म्हणाली.

तूर बाहेर आला. तो एल्कपाशी गेला नाही. झाडीच्या कडेलाच पोट जमिनीला टेकून बसला आणि बारीक कण्हायला लागला.

त्याच्या मागून रूना आली.

"रूना!" यॉर्डिसने हात केला.

रूना चालत होती. सावकाश, एका चालीने. पडलेल्या एल्कच्या शिंगाला तिचा पाय अडखळला. तिने खाली पाहिलं नाही. मान जराशी पुढे निघालेली. डोळे पुढे दोन हातांवर.

यॉर्डिसने वायरलेस तोंडाशी नेला. "रूना, ऐकतेस ना? रूना."

तिचाच आवाज दलदलीत रूनाच्या छातीवरच्या वायरलेसमधून तिला ऐकू आला. रूनाने हात उचलला नाही.

ती तळ्याकडे चालली होती. काठ पन्नास पावलांवर होता.

यॉर्डिसने रायफलीच्या दुर्बिणीतून पाहिलं, कारण दुसरी दुर्बीण तिच्यापाशी नव्हती. फुलीत मुलगी आली. तिने झटकन बोट बाहेर काढलं आणि नळी पुढे सरकवली, रूनाच्या चेहऱ्यापुढे, रिकाम्या हवेत.

तिथे कापूसगवत वाकत होतं. एक झुबका, मग पुढचा. शेवाळात खळगे पडत होते आणि त्यांत पाणी भरत होतं. रूनाचा बूट त्या खळग्यांत नंतर पडत होता.

चाळीस पावलं.

किती पुढे धरायचं? एव्हर्टच्या रायफलीला हे विचारावं लागलं नसतं. ही रायफल जिथे धरू तिथेच मारणार होती. आणि नेमापासून दोन हातांवर तिचं लेकरू होतं.

तीस.

तिने बोल्ट ओढून काडतूस भरलं. खळग्यांच्या वर, माणसाच्या गळ्याच्या उंचीवर फुली आणली. रूनाच्या कपाळावरचे केस दुर्बिणीच्या कडेला दिसत होते. ती सगळं अंग आवळून मोठ्याने म्हणाली, "देवा, डावीकडे नको." आणि घोडा ओढला.

गोळी पलीकडच्या पाण्यात गेली. पाणी उसळलं.

रूना थांबली.

ती एक क्षण तशीच उभी राहिली. मग तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, आणि सावकाश मचाणाकडे वळली.

"आई?" ती ओरडली. "मी इथे कशी आले?"

 यॉर्डिसने रायफल फळीवर ठेवली, नळी लांब फिरवून. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वायरलेस खरखरला.

"कोपरा, दुसरा बार कसला?" हालवार विचारत होता. "आणखी एल्क?"

तिला बटण सापडेना. सापडलं तेव्हा बोट घसरलं.

"नाही," ती म्हणाली. "चुकला."

 मग हालवारने हलक्या आवाजात विचारलं, "पुढे धरलं होतंस?"

"हो."

"कुठली बंदूक आहे तुझ्याकडे?"

"तुमची."

हालवारने वायरलेसचं बटण दाबून धरलं असावं, कारण त्याचा श्वास ऐकू येत होता. 

रूना दलदलीतून निघाली होती. आता ती नेहमीसारखी चालत होती, धडपडत, गुडघे वर उचलत, शिव्या देत. यॉर्डिसने डोळे पुसले. उतरून पुढे जाऊन मुलीला धरावं, नियम गेला खड्ड्यात, असं वाटून ती उठली आणि पाठमोरी होऊन शिडीकडे वळली. एक पाय पहिल्या पायरीवर टाकला. पाय टाकताना तिने दलदलीकडे सहज पाहिलं.

खळग्यांची रांग झाडीपासून पाण्याच्या दिशेने सरळ गेली होती. जिथे रूना थांबली तिथून दोन हात पुढे ती रांगही थांबली होती. तळ्यापर्यंतचं शेवाळ तसंच होतं, फुगलेलं, कोरं.

रांग तिथे वळली होती. वळून मचाणाकडे आली होती, लांब लांब ढांगा टाकत.

रूना अजून साठ पावलं दूर होती. शिडीच्या पायथ्याशी शेवाळात एक खळगा होता, आणि त्यात पाणी अजून भरत होतं.